शंभरात चार खाणारा काटा

माझ्या मुलीचं नाक आजवर दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा तिच्या आईने मलाच जबाबदार धरलं. ठोसा मारला दुसऱ्याच कुणी, पण हातमोजे घरात आणले मी. आमच्या घरात निकाल लागायला एवढा पुरावा पुरतो.

हातमोजे मी काही विकत आणले नव्हते. माझं भंगाराचं दुकान आहे. लोखंड, पत्रा, रद्दी, फुटक्या बादल्या, जे लोकांना नको ते मला हवं. कातड्याच्या तुकड्यांच्या एका पोत्यात बॉक्सिंगचे दोन हातमोजे निघाले, दोन्ही डाव्या हाताचे. जोडी जुळत नाही म्हणून कुणीतरी फेकले असणार. पोरगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने दोन्ही चढवले, उजवा अंगठा भलत्याच बाजूला कोंबला आणि चिंध्यांच्या पोत्याला बडवायला लागली. तीन दिवसांत पोतं फाटलं.

चौथ्या दिवशी मास्तर आले. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेजच्या माडीवर पोरापोरींना बॉक्सिंग शिकवणारा माणूस. चेहऱ्यावर नाक आहे असं आपण धरून चालायचं. ते काही गंजलेल्या सळया विकायला आले होते, पण भावाची घासाघीस अर्धवट टाकून आत बघत उभे राहिले.

"ही कोण, शेठ?"

"माझी मुलगी."

"हिच्या पायात स्प्रिंग आहे."

तेव्हापासून सगळी गल्ली तिला स्प्रिंग म्हणते. तिच्या आईला हे नाव अजिबात पसंत नाही. हाक मारताना मात्र तीही हेच नाव घेते.

आता काट्याबद्दल सांगतो. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांना कळून चुकलं आहे.

भंगारवाल्याकडे वजन घेणारा काटा असतो आणि त्या काट्याला भूक असते. माझा काटा उभा, वर मोठी तबकडी, खाली माणूस उभा राहील एवढी लोखंडी पाटी. रिकामा असला की सुई बरोबर शून्यावर. कुणी वाकून बघितलं तरी शंका येऊ नये. पण मागच्या झाकणाआड एक स्क्रू आहे आणि तो मी दुकान घेतल्या घेतल्या थोडा पिळून ठेवला होता. शंभर किलो ठेवलं की सुई शहाण्णववर थांबायची. शंभरात चार किलो काटा खायचा. याला आमच्या धंद्यात काटा मारणं म्हणतात आणि जो मारत नाही त्याला आम्ही हौशी म्हणतो. मी काही फार मोठा चोर नव्हतो. पलीकडच्या गल्लीतला दुकानदार शंभरात नऊ खातो. स्वतःची समजूत घालायला मला तो माणूस फार उपयोगी पडायचा.

हे गुपित फक्त मला आणि स्क्रूला ठाऊक होतं. बायकोलाही नाही. आणि पोरीला तर नाहीच, कारण ती मास्तरांच्या माडीवर सगळ्यांना सांगायची, आमच्या काट्यावर सरकारी शिक्का आहे. शिक्का होता, खोटं नाही. तपासणीवाले आले की मी स्क्रू सरळ करायचो, ते गेले की परत पिळायचो.

स्प्रिंग वाढली, नाक मोडून घेतलं, बक्षिसं आणली. ती खेळायची चोपन्न किलोच्या गटात. मग मागच्या वर्षी बंदर खात्याची जाहिरात निघाली. खात्याचा मुलींचा बॉक्सिंगचा संघ आहे. त्यात घेतलं की कायमची नोकरी आणि राहायला क्वार्टर. दोन खोल्या, आणि नळ घरात. तुम्हाला घरातल्या नळाचं काय कौतुक, असं वाटेल. आम्ही तिघं दुकानामागच्या एका खोलीत राहतो. एक भिंत पत्र्याची. पलंगाखाली तांब्याच्या तारांची भेंडोळी, कारण तांबं बाहेर ठेवलं की त्याला पाय फुटतात. नळ बाहेर, सहा घरांत एक. स्प्रिंग पहाटे धावायला उठायची ती आधी नळावर नंबर लावून मग धावायची. अंगाला गंजाचा वास येतो म्हणून शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही, तिच्या बाईंनी सांगितलं.

तर जागा होती एकच, आणि तीही पन्नास किलोच्या गटात. वयाची अट एकवीसच्या आत. स्प्रिंगला एकवीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे ही संधी गेली की गेली.

"चार किलो उतरव," मास्तर म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

नेमका त्याच महिन्यात मास्तरांच्या माडीवरचा वजनकाटा मोडला. तो त्यांनी मलाच भंगारात विकला. मी तो माझ्या काट्यावर ठेवून घेतला, म्हणजे मास्तरांच्या काट्यालाही माझ्या काट्याने खाल्लं. आणि जाता जाता ते म्हणाले, "आता हिचं वजन रोज सकाळी तुमच्याकडेच करू. तुमचा काटा खात्रीचा आहे ना?"

दुकानात तेव्हा बाटलीवाली आजी रद्दीचा गठ्ठा घेऊन उभी होती. अकरा वर्षं ती माझ्याकडे बाटल्या आणि रद्दी घालते. स्प्रिंगची एकही लढत ती चुकवत नाही, दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की पंचसुद्धा दचकतो. तिच्यासमोर मी काय म्हणणार?

"म्हणजे काय," मी म्हणालो.

हे 'म्हणजे काय' मला फार महागात पडलं.

पोरगी खरी चोपन्न किलोची. माझ्या काट्याने तिला एक्कावन्न-आठशे दाखवलं. मास्तर खूश. "बघ, नुसतं मनावर घेतलंस तर निम्मं काम झालं." महिनाभरात तिने आणखी दोन किलो घाम गाळला आणि सुई पन्नासच्या एक रेघ खाली आली. मास्तरांनी अर्ज भरून पाठवला. स्प्रिंगने मला मिठी मारली, आईला मिठी मारली, आजीला उचलून घेतलं आणि त्या दिवशी दोन वेळा पोटभर भात खाल्ला.

मी ताट बाजूला सारून हिशोब करत बसलो. ती बावन्न किलोची होती. निवड चाचणीला तेरा दिवस उरले होते. तिथे खात्याचा काटा असणार आणि त्याला माझ्या स्क्रूशी काही देणंघेणं नव्हतं. दोन किलो जास्त भरले की लढत नाही, दुसरी संधी नाही, घर नाही, नळ नाही.

सरळ सांगून टाकायचं की, असं कुणीही म्हणेल. मीही मला रोज म्हणत होतो. पण पोरगी ज्या काट्यावर छाती काढून उभी राहते तो काटा तिचा बाप मारतो, हे तिला सांगायला माझी जीभ वळेना. मग मी एक शहाणपणा केला. शहाणपणा हा शब्द मी तेव्हा वापरला होता, आता त्याला दुसरा शब्द आहे, पण तो छापण्यासारखा नाही.

मी ठरवलं की स्क्रू रोज थोडा थोडा सरळ करायचा. एकदम केला तर एका दिवसात पोरीचं वजन दोन किलोने वाढलेलं दिसेल आणि मास्तर काट्याला उलटा करून बघतील. रोज पाव फेरा केला तर सुई रोज दोन रेघा वर दिसेल, पोरगी त्या दोन रेघा उतरवेल, दुसऱ्या दिवशी मी आणखी पाव फेरा करीन. बारा दिवसांत काटाही खरा आणि पोरगीही पन्नासची. कुणाला पत्ता नाही. पहाटे ती धावायला गेली की मी स्क्रूड्रायव्हर घेऊन काट्याच्या मागे बसायचो.

हिशोबात चूक नव्हती. फक्त त्या हिशोबात मी पोरगी धरली नव्हती.

पहिल्या दिवशी सुई पन्नासच्या वर दोन रेघा. "कालचा भात," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने भात सोडला. सुई पन्नासच्या वर दोन रेघा. तिसऱ्या दिवशी ती अंगात दोन जाड स्वेटर घालून दुपारच्या उन्हात धावून आली. चौथ्या दिवशी सकाळी सुई तिथेच. पाचव्या दिवसापासून ती एक अंडं आणि अर्धी काकडी यांवर आली. सुई ढिम्म हलेना. कशी हलणार? ती जेवढी उतरत होती तेवढा मी काटा वर आणत होतो.

इकडे दुकानाला मात्र बरे दिवस आले. रद्दी घालणाऱ्यांच्या लक्षात आलं की या दुकानात हल्ली वजन चांगलं भरतं. ज्यांनी दोन वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं ते गठ्ठे घेऊन रांगेत उभे राहायला लागले.

"अहो, हल्ली गर्दी कशी काय वाढली?" बायकोने विचारलं.

"लोक घरं साफ करताहेत."

"सगळे एकाच आठवड्यात?"

मी रद्दी बांधायला घेतली.

नवव्या दिवशी मास्तरांचा पारा चढला. दुकानात सात-आठ माणसं होती, आजी होती. स्प्रिंग पाटीवर उभी, गालांची हाडं वर आलेली, आणि सुई पन्नासच्या वर दोन रेघा.

"चोरून काय खातेस?"

"काही नाही, मास्तर."

"लोखंड खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. काय खातेस ते सांग, मी रागावणार नाही."

"आईशपथ, काही नाही."

"माझ्यासमोर खोटं बोलू नकोस," मास्तर म्हणाले आणि निघून गेले. नऊ वर्षांत ते तिला असं कधी बोलले नव्हते. सात-आठ माणसं इकडेतिकडे बघायला लागली. मी तिथेच होतो, हातात सुतळी. तोंड उघडायची माझी वेळ होती ती. मी सुतळीला गाठ मारली.

आईने स्वयंपाकाच्या कपाटाला कुलूप लावलं.  दुपारी ती माझ्याशेजारी येऊन एका उलट्या बादलीवर बसली. बराच वेळ तिने पायाखालची एक पत्र्याची चकती बुटाने इकडेतिकडे सरकवली.

"बाबा, एक विचारू? मी झोपेत उठून खाते का?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"माडीवरची एक मुलगी म्हणाली, असा आजार असतो. आपल्याला कळतसुद्धा नाही. तुम्ही एक रात्र जागून माझ्यावर लक्ष ठेवाल का?"

"तू झोपेत काही खात नाहीस."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं. झाकणाआड, बोटभर लांब. पण मी म्हणालो, "होईल, उतरेल." ती उठून दोरीवरच्या उड्या मारायला गेली. मला आयुष्यात स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरी गप्प बसलो. भित्रेपणा एकदा अंगात शिरला की तो रोज थोडी जास्त जागा मागतो.

बाराव्या दिवशी काटा खरा झाला. किराणावाल्याकडून मी शिक्क्याची वजनं मागून आणली, वीसची दोन आणि दहाचं एक. पाटीवर ठेवली. सुई पन्नासवर केसाइतकीही इकडेतिकडे नाही. तेराव्या दिवशी पहाटे स्प्रिंग उभी राहिली आणि सुई पन्नासच्या एक रेघ खाली आली. मास्तर एवढंच म्हणाले, "अखेर बंद केलंस ना." तिने मान खाली घातली. जे केलंच नव्हतं ते तिने कबूल केल्यासारखं दिसलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. संध्याकाळपर्यंत जिंकेल आणि सगळे सगळं विसरतील.

चाचणी खात्याच्या व्यायामशाळेत होती. मोठा हॉल, एका बाजूला रिंग, दुसऱ्या बाजूला टेबल, टेबलाशेजारी वजनाचा काटा. आकडे दाखवणारा, नवाकोरा. जमिनीवर कसरतीच्या निळ्या गाद्या पसरलेल्या. खुर्च्यांत मुलींचे आईबाप, आमच्या गल्लीतली पाच-सहा माणसं, आणि पहिल्या रांगेत आजी, जागा धरून सकाळी सातपासून. गटात चार मुली. टेबलाशी गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई बसल्या होत्या. आमच्याआधी लाल बुटांची एक उंच मुलगी पाटीवर चढली. पन्नास किलो दोनशे. बाईंनी नावावर रेघ मारली. मुलगी खाली उतरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग स्प्रिंग.

पन्नास किलो तीनशे.

मास्तरांनी डोळे मिटले. "पाणी प्यायलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पण तिचा आवाज असा होता की तिला स्वतःलाच खात्री नव्हती. ती त्या आकड्याकडे बघत होती, आणि मला दिसत होतं की तिच्या डोक्यात पुन्हा तेच चाललंय. रात्री उठले असेन. खाल्लं असेल. बाईंनी पेन उचललं.

मी पुढे झालो. "बाई, हा काटा चुकतोय."

"सगळे हेच म्हणतात. घरच्या काट्यावर बरोबर होतं, असंच ना?"

"हो. घरच्या काट्यावर एकोणपन्नास-नऊशे."

"मग घरचा काटा चुकतोय. यावर सरकारी शिक्का आहे."

"शिक्का माझ्या काट्यावरही आहे, बाई."

एवढं बोललो आणि मला खरंच दिसलं. काट्याचे पुढचे दोन पाय फरशीवर होते, मागचे दोन गादीच्या कडेवर. स्प्रिंगने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतला तसा आकडा तीनशेचा चारशे झाला आणि परत तीनशे. ही युक्ती मला चांगली ठाऊक आहे. माल घेताना काट्याने खायचं असतं, पण तोच माल पुढे भट्टीला विकताना काट्याने फुगायचं असतं, आणि त्यासाठी काट्याखाली कुठे काय मऊ सरकवायचं हे मला डोळे मिटूनही जमतं.

"खाली गादी आहे. मऊ जागेवर काटा भलतंच बोलतो."

"तुम्ही कोण? इंजिनिअर आहात?"

"भंगारवाला."

खुर्च्यांत कुणीतरी हसलं. बाईही हसल्या, वाईट मनाने नव्हे. "बाबा, मला अजून मुलांचे तीन गट उरकायचे आहेत. भंगारवाल्याच्या सांगण्यावरून मी काटा हलवायला लागले तर झालंच. तुम्हाला काय कळतं वजनकाट्यातलं?"

मी मागे बघितलं. मास्तर, बायको, आजी, गल्लीतली माणसं. आणि पाटीवर अजून उभी असलेली माझी पोरगी, ओठ कोरडे पडलेली.

"मला सगळं कळतं," मी म्हणालो. "अकरा वर्षं मी काटा मारतोय."

 एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. "माझ्या दुकानातला काटा शंभरात चार खायचा. हिचं वजन त्याच काट्यावर करत होतो, म्हणून ती बावन्न असताना पन्नास दिसली. मग मी रोज पहाटे स्क्रू थोडा थोडा सरळ करत गेलो. बारा दिवस. ही उपाशी राहिली, रोज उतरत होती, आणि मी सुई हलू देत नव्हतो. मास्तर, तिने एक दाणा चोरून खाल्ला नाही. आज पहाटे माझा काटा खरा होता, किराणावाल्याच्या वजनांनी तपासलेला. तिचं वजन एकोणपन्नास-नऊशे आहे. तुमचा काटा खोटा आहे, बाई, आणि हे मला कळतं कारण माझाही होता."

 बायकोने पदर तोंडाला लावला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी खिडकीजवळच्या व्यायामाच्या वीस-वीस किलोच्या दोन लोखंडी चकत्या आणायला सांगितल्या. काट्यावर ठेवल्या. चाळीस किलो तीनशे. मग दोघांनी काटा उचलून उघड्या फरशीवर ठेवला. चाळीस, बरोबर.

"चढ," बाई म्हणाल्या.

स्प्रिंग चढली. एकोणपन्नास किलो नऊशे.

ती खाली उतरली. मला वाटलं आता ती तोंड फिरवेल, आणि ते मला मान्य होतं. ती सरळ माझ्यासमोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर, मला आजही खरं वाटत नाही, सुटका झाल्याचं हसू होतं.

"म्हणजे मी झोपेत खात नव्हते," ती म्हणाली.

"नाही गं."

मग तिने माझ्या दंडावर एक ठोसा मारला. डाव्या हाताचा. हात आठवडाभर वर होत नव्हता आणि मी कुणाकडे तक्रार केली नाही.

लाल बुटांच्या मुलीलाही बाईंनी परत बोलावलं. एकोणपन्नास-आठशे. तिच्या वडिलांनी येऊन माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात. मास्तर माझ्या कानाशी आले. "शेठ, कमाल केलीत. पोरीलाही आत घेतलंत आणि तिला हरवू शकेल अशा एकमेव मुलीलाही." मग थोडं थांबून, "मी तिला खोटारडी म्हणालो." ते स्प्रिंगकडे गेले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि स्वतः तिला केळी सोलून देत राहिले. पाच केळी झाली तरी उठले नाहीत.

दुपारची लढत स्प्रिंगने सहज मारली. संध्याकाळी लाल बुटांची मुलगी. पहिल्या फेरीत त्या मुलीने लांब हातांनी हिला जवळ येऊच दिलं नाही. दुसऱ्या फेरीत स्प्रिंगच्या नाकातून रक्त आलं आणि बायकोने माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या फेरीत मात्र हिच्या पायांतलं ते काय ते जागं झालं. आत शिरली आणि डाव्याने बरगडीवर, परत डाव्याने बरगडीवर, जसं पूर्वी त्या चिंध्यांच्या पोत्याला. पाच पंचांत तिघांनी हिला दिलं, दोघांनी तिला. आजीची शिट्टी बहुधा बंदरातल्या बोटींनाही ऐकू गेली असेल.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. सगळ्या गल्लीला कळलं होतं. मला वाटलं, आता गाशा गुंडाळावा लागणार. पहिली आली आजी. रद्दीचा गठ्ठा तिने काट्यावर आदळला.

"आजी, मला माफ कर. अकरा वर्षं तुला फसवलं."

"कसलं फसवलं? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं कशाला? तुझा काटा खायचा म्हणून मी रद्दीला पाणी मारायचे. आतल्या कागदांना. वरचे कोरडे."

मी गठ्ठ्यात हात घातला. आतून ओला होता.

"अगं, पण आता काटा खरा आहे."

"सवय आहे रे," आजी म्हणाली. "हळूहळू सुटेल. रोज थोडी थोडी."

स्प्रिंग बंदर खात्यात गेली. तिची आई आठवड्यातले चार दिवस क्वार्टरवर असते आणि मला दाट संशय आहे की त्यातला निम्मा वेळ ती नळ उघडते आणि बंद करते. मला चलायला सांगतात. मी जाईन. पण इथला काटा आता खरा आहे, आणि तसा तो राहतोय की नाही हे बघायला कुणीतरी इथे हवं.

चार महिन्यांनी पोरगी सुट्टीला आली. खात्याचा निळा ट्रॅकसूट, केस कापलेले. पुढच्या लढतीला अजून बराच वेळ होता. दुकानात शिरली आणि सवयीने आधी पाटीवर उभी राहिली. सुई पन्नास ओलांडून गेली, बावन्न ओलांडून गेली आणि पंचावन्नच्या जवळ थांबली.

तिने माझ्याकडे मान वळवली. "बाबा, परत?"

"नाही. शप्पथ. काटा सरळ आहे, मागच्याच आठवड्यात तपासला."

ती उतरली, परत चढली. सुई तिथेच.

"मग?" तिने विचारलं.

तेच 'मग'. या वेळी मी उत्तर गिळलं नाही.

"मग काय, तू आता पोटभर जेवतेस."

 आतून तिच्या आईने हाक मारली, ताट वाढलंय, गार होतंय. "आले," स्प्रिंग म्हणाली, पण ती अजून थोडा वेळ पाटीवर उभी राहून त्या सुईकडे बघत राहिली.